आकडा आला नाही तर?

भोसरीतल्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यातल्या दुपारी ३०० मिलिमीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा जॉब मोजला आणि तोच जॉब ग्राहकाच्या वातानुकूलित तपासणी खोलीत पुन्हा मोजला, तर दोन्ही मापं जुळत नाहीत. शेडमध्ये ३८ अंश सेल्सिअस आणि तपासणी खोलीत २० अंश धरू. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं, म्हणजे १८ अंशांच्या फरकाने हा तुकडा जवळजवळ १२४ मायक्रॉन लांबलेला असतो. मोजणारं पोलादी साधनही त्याच उकाड्यात तापलेलं असतं, पण पोलाद वाढतं त्याच्या निम्म्यानेच, मीटरमागे सुमारे साडेअकरा मायक्रॉन. उरतो ६२ मायक्रॉनचा फरक. ज्या कामात ५० मिलिमीटरच्या भोकाला एच-७ बसणीची एकूण सूटच २५ मायक्रॉनची असते, त्या कामात ६२ मायक्रॉन म्हणजे थेट भंगार. ऑपरेटर म्हणतो, "मी तर मापात काढला होता." ग्राहकाचा तपासनीस म्हणतो, "रिजेक्ट." दोघेही खरं बोलत असतात. खोटं कोणी बोललंच असेल तर ते शेडमधल्या हवेने, आणि तिची साक्ष कोणी नोंदवलेली नसते.

२० अंश हा आकडा कुठून आला? १९३१ साली आंतरराष्ट्रीय वजनमाप समितीने लांबी मोजण्याचं संदर्भ तापमान म्हणून तो ठरवला. त्याआधी निरनिराळ्या देशांत निरनिराळी तापमानं प्रमाण मानली जात, आणि एका देशातला गेज दुसऱ्या देशात 'चुकीचा' ठरत असे. आयएसओ या संस्थेने १९५१ साली आपली पहिली शिफारस प्रसिद्ध केली, अगदी क्रमांक १ ची, ती याच विषयावर होती. ना स्क्रूच्या आट्यांवर, ना कागदाच्या आकारावर. माप घेताना तापमान किती असावं यावर. ज्यांना कारखान्यात थर्मामीटर म्हणजे चैन वाटते, त्यांच्यासाठी हा तपशील.

उष्णता फक्त मापं बिघडवत नाही. मशीनच्या कंट्रोल पॅनलमधले ड्राइव्ह सहसा भोवतालची हवा ४० अंशांपर्यंत असेल असं धरून बनवलेले असतात. त्यापुढे त्यांची क्षमता कमी धरावी लागते, आणि पॅनलच्या बंद पेटीतली हवा शेडपेक्षाही गरम असते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरबद्दलचा ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. म्हणजे पॅनलचा पंखा बंद पडला तर त्या दिवशी काहीच होत नाही. होतं ते पुढच्या वर्षी, ऐन डिलिव्हरीच्या आठवड्यात.

तेव्हा आपल्याला हवं काय, तर शेडची हवा, पॅनलची हवा आणि जमल्यास कूलंटची टाकी, या तिघांचं तापमान दर मिनिटाला कोणीतरी वाचावं आणि आपण तिथे नसतानाही ते आपल्याला कळावं. भोसरीसकट पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते. रात्री आणि गुरुवारी शेडला कुलूप असतं, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी पाहायला हवं असतं. हे काम हजार-दीड हजार रुपयांत होतं. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलं, की सगळं साहित्य एका फेरीत मिळतं. तापमान मोजणं हा या कामातला सोपा भाग. आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही, आणि आकडा आलाच नाही तर काय समजायचं, हे अवघड. या प्रकरणाचा बराचसा भाग त्यावरच खर्च होणार आहे.

सेन्सरपासून सुरुवात करू. दुकानदार बहुधा निळ्या जाळीदार डबीतला डीएचटी-११ पुढे करतो. स्वस्त आहे, आर्द्रताही सांगतो, शाळेच्या प्रकल्पाला उत्तम. पण त्याची चूक दोन अंशांपर्यंत जाऊ शकते. शेडसाठी माझी शिफारस डीएस-१८बी-२० ची. हा मूळचा डॅलस सेमीकंडक्टर या अमेरिकी कंपनीचा. स्टीलच्या नळीत बंद केलेला, तीन तारांचा, पाण्यात बुडवता येणारा नमुना सर्रास मिळतो. तो उणे ५५ ते १२५ अंशांपर्यंत चालतो, आणि उणे १० ते ८५ या पट्ट्यात त्याची चूक अर्ध्या अंशाच्या आत असल्याची हमी उत्पादक देतो. भट्टीसाठी, पावडर कोटिंगच्या ओव्हनसाठी तो चालणार नाही. तिथे थर्मोकपल लागतं, आणि त्याची गोष्ट वेगळी.

या सेन्सरचा मोठा गुण म्हणजे तो आकडा आकड्याच्याच रूपात पाठवतो. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमधून व्होल्टेज येतं. दहा मीटर तारेत ते थोडं घसरतं, शेजारच्या वेल्डिंग मशीनचा खडखडाट त्यात मिसळतो, आणि ते वाचणारी छोटी संगणक-चिप, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, बिचारी ते विश्वासाने मोजते. डीएस-१८बी-२० च्या पोटातच मोजणी होते आणि बाहेर पडतात शून्य आणि एक. शिवाय प्रत्येक निरोपाच्या शेवटी एक तपासणी बाइट असतो. वाटेत निरोप बिघडला तर हिशेब जुळत नाही, आणि तो निरोप टाकून देता येतो. प्रत्येक सेन्सरला कारखान्यातूनच ६४ बिटांचा स्वतःचा क्रमांक मिळालेला असतो, त्यामुळे एकाच तारेवर चार-पाच सेन्सर लावले तरी कोण बोलतंय ते कळतं. जोडणी करण्याआधी एकेक सेन्सर सुटा लावून त्याचा क्रमांक वाचावा आणि तारेवर चिठ्ठी डकवावी: 'पॅनल', 'कूलंट', 'टेबल'. नंतर शिडीवर चढून हे शोधण्यात मजा नाही.

बाजारात या सेन्सरच्या नकला पुष्कळ आहेत. दिसायला हुबेहूब, काही चांगल्या चालतातही, पण अचूकतेची हमी नसते. म्हणून घेतल्याबरोबर बर्फाची परीक्षा. बर्फाचा चुरा करून पेला गच्च भरावा, फटी भरतील इतकंच गार पाणी ओतावं, ढवळावं, सेन्सर मधोमध धरावा आणि काही मिनिटं थांबावं. तिथे तापमान शून्य असतं. त्यात वादाला जागा नाही. सेन्सर ०.४ दाखवत असेल तर तेवढी वजाबाकी प्रोग्रॅममध्ये लिहून टाकावी. दोन अंश दाखवत असेल तर दुकानदाराला परत करावा. उकळत्या पाण्याची परीक्षा मात्र टाळलेली बरी. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे, तिथे पाणी १०० ला नाही, ९८ च्या आसपासच उकळतं. आणि स्वस्त सेन्सरच्या तारेवरचं प्लास्टिक त्या आधीच मऊ पडू लागतं.

आणखी एक फसवणूक आहे, तीत कोणाचाच दोष नसतो. हा सेन्सर १२ बिटांवर चालवला की ०.०६२५ अंशांच्या पायऱ्यांनी आकडे देतो. स्क्रीनवर ३४.६८७५ असं उमटलं की पाहणारा भारावतो. त्यातलं ३४ पक्कं, पुढचा ६ जेमतेम, आणि बाकीचे तीन आकडे नुसते शोभेचे. हमी अर्ध्या अंशाची आहे, हे विसरायचं नाही. तापमान वाढतंय की उतरतंय, हे पाहायला त्या बारीक पायऱ्या उपयोगी पडतात. पण दाखवताना एकच दशांश दाखवावा.

आता सेन्सर लावायचा कुठे? बरीचशी उपकरणं इथेच वाया जातात. भिंतीवर चिकटवला तर तो भिंतीचं तापमान सांगतो. पत्र्याखाली टांगला तर पत्र्याचं. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी चार वाजता ऊन पडणार असेल तर चार वाजता शेडला ताप चढल्यासारखा दिसतो आणि साडेचारला उतरतो. हवेचं तापमान मोजायचं तर सेन्सरभोवती सावली हवी आणि वारा खेळता हवा. एकोणिसाव्या शतकात थॉमस स्टीव्हनसन या स्कॉटिश अभियंत्याने यासाठी तिरप्या पट्ट्यांच्या झरोक्यांची पांढरी लाकडी पेटी तयार केली. हा गृहस्थ दीपगृहं बांधायचा, आणि 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हनसन हा त्याचा मुलगा. जगभरच्या हवामान वेधशाळांनी ती पेटी उचलली. पुण्यातल्या वेधशाळेच्या, म्हणजे शिमला ऑफिसच्या, आवारात ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचे चार पाय आणि पांढरा रंग आठवेल. आपल्याला एवढा थाट नको. प्लास्टिकच्या पांढऱ्या कुंडीखालच्या तीन-चार बशा मधे फट ठेवून एकावर एक उलट्या लावल्या आणि सेन्सर त्यांच्या पोटात सोडला, की काम भागतं. उंची ठेवावी मशीनच्या टेबलाइतकी, कारण जॉब तिथे असतो. गरम हवा वर साठते, त्यामुळे छताजवळचा आकडा आणि टेबलाजवळचा आकडा यांत चांगलंच अंतर असू शकतं. आणि सेन्सर त्याचे आकडे वाचणाऱ्या बोर्डाच्या पेटीत कधीही ठेवू नये. वाय-फायवर बोलणारा बोर्ड स्वतःच तापतो, आणि बंद पेटीतला सेन्सर मग इमानेइतबारे त्या बोर्डाचंच तापमान पाठवत राहतो. निदान मीटरभर तार बाहेर काढावी.

बोर्डाबद्दल फार लिहायला नको, कारण निवड आता सोपी झाली आहे. २००५ साली इटलीतल्या इव्हरेआ गावात विद्यार्थ्यांसाठी अर्दुइनो जन्माला आला. त्याने हौशी माणसाला मायक्रोकंट्रोलर हाताळायला शिकवलं, पण तो बिचारा बोलणार कोणाशी? वाय-फायचं वेगळं कार्ड त्याच्यापेक्षा महाग पडायचं. २०१४ मध्ये शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी-८२६६ ही चिप छोट्या मॉड्यूलवर चढून बाजारात आली. माहितीपत्रकं सुरुवातीला चिनी भाषेतच होती. हौशी मंडळींनी ती भाषांतरित केली, आणि लवकरच ध्यानात आलं, की अर्दुइनोला वाय-फाय देण्यासाठी घेतलेली ही चिप एकटीच सगळं काम करू शकते. अर्दुइनोची गरजच संपली. २०१६ मध्ये तिची थोरली बहीण ईएसपी-३२ आली. आज साधारण चार-पाचशे रुपयांत तिचा बोर्ड मिळतो. तोच घ्यावा.

जोडणी तीन तारांची. सेन्सरची लाल तार ३.३ व्होल्टला, काळी ग्राउंडला, पिवळी चौथ्या क्रमांकाच्या पिनला. रंग बहुधा असेच असतात, तरी विक्रेत्याचा कागद एकदा पाहावा. पिवळ्या आणि लाल तारेच्या मधे ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, पट्टे पिवळा-जांभळा-तांबडा. तो विसरला तर सेन्सर सापडतच नाही. डेटाची तार मोकळी असताना ती वर ओढून धरण्याचं काम हा रेझिस्टर करतो, आणि सेन्सर व बोर्ड आळीपाळीने ती खाली खेचून एकमेकांशी बोलतात. ३४ ते ३९ क्रमांकाच्या पिना वापरू नयेत. त्या फक्त ऐकतात, त्यांना बोलता येत नाही. तार वीस-तीस मीटर लांब जाणार असेल तर रेझिस्टर २.२ किलोओहमपर्यंत उतरवावा, आणि ती तार मोटरच्या केबलबरोबर एकाच पट्टीत कधीही बांधू नये. मोटरचा वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह विजेत भरपूर गोंधळ माजवतात. शेजारून जाणाऱ्या बारीक तारेला तो सगळा ऐकू येतो.

वीजपुरवठ्याकडे सगळेच दुर्लक्ष करतात. वाय-फायवर निरोप पाठवताना ईएसपी-३२ क्षणभर २०० मिलिअँपिअरच्या वर ओढतो. मोबाइलचा जुना मरतुकडा चार्जर आणि बारीक यूएसबी केबल असेल तर त्या क्षणी व्होल्टेज कोसळतं आणि बोर्ड पुन्हा सुरू होतो; पुन्हा निरोप पाठवायला जातो, पुन्हा कोसळतो. लोक प्रोग्रॅममधली चूक शोधत बसतात. चांगला चार्जर, जाड केबल आणि बोर्डाजवळ ४७० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, एवढ्यात प्रश्न सुटतो.

प्रोग्रॅमचं काम चार वाक्यांत सांगता येतं: सेन्सरला मोज म्हणायचं, थांबायचं, आकडा वाचायचा, पाठवायचा. यातल्या 'थांबायचं' या शब्दात एक सापळा आहे. १२ बिटांच्या मोजणीला सेन्सरला पाऊण सेकंद लागतो. त्याआधी वाचलं तर आधीचाच आकडा हाती येतो, आणि सेन्सर नुकताच चालू झाला असेल तर तो आकडा असतो बरोबर ८५. वीज मिळाल्या क्षणी सेन्सरच्या स्मृतीत उत्पादकाने ८५ हाच आकडा ठेवलेला असतो. एखाद्या सैल जोडणीमुळे सेन्सरची वीज क्षणभर तुटली तरी तो पुन्हा ८५ म्हणतो. पॅनलवर लक्ष ठेवणाऱ्या उपकरणाने रात्री दोन वाजता '८५' पाठवलं, तर मालक चप्पल न घालता धावत सुटेल. दुसरा आकडा उणे १२७. सेन्सर वाचण्यासाठीच्या प्रचलित लायब्ररीला सेन्सर सापडला नाही की ती हा आकडा परत करते. भोसरीत उणे १२७ हा खोटा हे शेंबडं पोरही ओळखेल, पण प्रोग्रॅम ओळखत नाही. तो दिवसाची सरासरी काढताना तोही मिसळतो, आणि मग एका उकाड्याच्या दिवसाची सरासरी गुलाबी थंडीची निघते.

म्हणून प्रत्येक आकड्याला दारातच अडवून चार प्रश्न विचारावेत. तपासणी बाइट जुळला का? आकडा शक्यतेच्या हद्दीत आहे का; शेडसाठी शून्य ते साठ म्हणू? मागच्या मिनिटापेक्षा एकदम पाच-दहा अंशांनी उडी मारली का? मारली असेल तर लगेच पुन्हा मोजावं. खरी आग एका मोजणीत विझत नाही, आणि खोटा ८५ बहुधा दुसऱ्यांदा येत नाही. चौथा प्रश्न कमी लोक विचारतात: हा आकडा किती वेळ तसाच आहे? ज्या सेन्सरला अंशाचा सोळावा भाग दिसतो, त्याला जिवंत शेडमध्ये तासभर तोच आकडा चारही दशांशांपर्यंत दिसणं संशयास्पद आहे. हवा अशी थिजत नाही. प्रोग्रॅम थिजला असावा.

प्रोग्रॅम थिजतो, हे मान्य करूनच या चिपा बनवल्या जातात. प्रत्येकीत वॉचडॉग नावाचं एक घड्याळ असतं. प्रोग्रॅमने ठरावीक वेळेत त्याला 'मी आहे' असं कळवलं नाही, तर ते चिपला जबरदस्तीने पुन्हा सुरू करतं. १९९७ च्या जुलैमध्ये मंगळावर उतरलेलं नासाचं पाथफाइंडर यान असंच वारंवार पुन्हा सुरू होत होतं. त्याच्या प्रोग्रॅममधलं एक महत्त्वाचं काम एका बिनमहत्त्वाच्या कामामागे अडकून पडत होतं आणि वॉचडॉग यानाला झटकून जागं करत होता. अभियंत्यांनी पृथ्वीवर तोच दोष पुन्हा घडवून पाहिला आणि दुरुस्ती रेडिओने मंगळावर पाठवली. आपलं उपकरण भोसरीत असलं तरी गुरुवारी ते आपल्यासाठी मंगळावरच असतं. वॉचडॉग लावावा, आणि त्याला 'मी आहे' हे आकडा यशस्वीपणे पोचल्यानंतरच कळवावं. काही जण ते काम एका स्वतंत्र टायमरकडे सोपवतात. मुख्य काम कधीच मेलेलं असतं आणि टायमर मात्र वॉचडॉगला सगळं ठीक असल्याचं सांगत राहतो.

आकडा शेडबाहेर न्यायचा तर वाय-फाय. पत्र्याची शेड म्हणजे लहरींसाठी बंद डबाच, त्यामुळे ऑफिसातला राउटर मशीनच्या कोपऱ्यापर्यंत पोचेल याची खात्री नाही. पॅनलच्या लोखंडी पेटीत बोर्ड ठेवला तर अँटेना बाहेर काढावाच लागतो. साधा ईएसपी-३२ फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो, राउटरची पाच गिगाहर्ट्झची वेगवान बाजू त्याच्या कामाची नाही. शेड आणि ऑफिस यांत रस्ता किंवा दुसरी इमारत असेल तर लोरा हे लांब पल्ल्याचं, कमी वेगाचं रेडिओ तंत्र वापरता येतं. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा त्यासाठी विनापरवाना खुला आहे.

निरोपासाठी एमक्यूटीटी ही पद्धत घ्यावी. १९९९ मध्ये आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि अर्कॉम कंपनीचे आर्लेन निपर यांनी ती तयार केली ती तेलवाहिन्यांवर दुरून लक्ष ठेवण्यासाठी. उपग्रहाची जोडणी महाग, मंद आणि बेभरवशाची होती. म्हणून निरोप अगदी छोटे ठेवले, आणि जोडणी तुटणं हे नेहमीचंच आहे असं गृहीत धरलं. मधे एक दलाल असतो, ब्रोकर. मॉस्किटो नावाचा फुकट मिळणारा ब्रोकर बऱ्याच ठिकाणी वापरतात. उपकरण आकडा ब्रोकरकडे देतं, आणि ज्याला हवा तो तिथून घेतो. या पद्धतीतली मला सर्वांत आवडणारी सोय म्हणजे मृत्युपत्र. उपकरण जोडलं जातानाच ब्रोकरकडे एक निरोप ठेवून देतं: मी न सांगता गप्प झालो तर हे सगळ्यांना वाचून दाखव. किती वेळ गप्प म्हणजे गेला, हेही तेव्हाच ठरतं. ठरलेल्या वेळेच्या दीडपट शांतता झाली की ब्रोकर मृत्युपत्र उघडतो.

रात्री गल्लीतून काठी आपटत फिरणाऱ्या गस्तवाल्याचं काम असंच असतं. काठी ऐकू येते तोवर झोप लागते. ऐकू आली नाही की जाग येते. आपल्या उपकरणाचा दर मिनिटाचा आकडा ही ती काठी आहे. ३४ की ३५ याच्याशी बहुतेक दिवस कोणाला कर्तव्य नसतं, पण तो येतोय याच्याशी असतं. बाजारातली बरीच उपकरणं आणि हौशी प्रकल्प फक्त 'तापमान वाढलं तर कळव' एवढंच काम सांगून मोकळे होतात. अशा उपकरणाची वायर उंदराने कुरतडली, तर ते अगदी आदर्श वागतं: कधीच तक्रार करत नाही.

यातून एक गोष्ट ओघाने येते. शांतता ऐकणारा माणूस किंवा यंत्र शेडमध्ये असून चालत नाही. ब्रोकर त्याच शेडमधल्या संगणकावर ठेवला, तर लाईट गेल्यावर उपकरण, राउटर आणि ब्रोकर तिघेही एकदम गप्प होतात आणि मृत्युपत्र वाचायला कोणी उरत नाही. ब्रोकर घरी ठेवा, भाड्याच्या सर्व्हरवर ठेवा, कुठेही ठेवा, पण दुसऱ्या फिडरवर. राउटरला आणि बोर्डाला छोटा यूपीएस द्यावा म्हणजे 'लाईट गेली' हे शेड स्वतः सांगू शकेल. चार्जरच्या बाजूचं व्होल्टेज दोन रेझिस्टरनी कमी करून एका पिनवर आणलं की बोर्डाला लाईट आहे की नाही ते दिसतं. ही बातमी तापमानापेक्षाही मोलाची ठरते, कारण लाईट गेली की पॅनलचा पंखा, कूलंटचा चिलर, सगळंच थांबतं. इंटरनेटची तारच तुटण्याची भीती असेल तर सिमकार्डवर चालणारं मॉड्यूल लावून एसएमएस पाठवता येतो. मात्र स्वस्तातली मॉड्यूलं टूजीवर चालतात, आणि जिओचं टूजी जाळंच नाही. सिम घेताना एवढं पाहावं.

गप्प बसण्यापेक्षाही वाईट म्हणजे शिळं बोलणं. एमक्यूटीटीत शेवटचा निरोप ब्रोकरकडे राखून ठेवण्याची सोय आहे, म्हणजे नव्याने जोडल्या गेलेल्या फोनला लगेच काहीतरी दिसतं. उपकरण दोन दिवसांपूर्वी बंद पडलं असलं तरी फोनवर मोठ्या हिरव्या अक्षरांत ३१.५ झळकत राहतं. म्हणून आकड्याबरोबर त्याची वेळ पाठवावी आणि स्क्रीनवर 'दोन मिनिटांपूर्वी' किंवा '४१ तासांपूर्वी' असं आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहावं. बोर्डाला वेळ इंटरनेटवरून मिळते, ती ग्रीनिचची. भारतासाठी त्यात १९,८०० सेकंद मिळवायचे असतात. ते विसरलं की दुपारच्या उन्हाचा उंचवटा आलेखावर सकाळी दिसतो आणि त्यावर विद्वत्तापूर्ण चर्चा होते. आलेख काढणारी साधनंही इथे लबाडी करतात. चार तास आकडे आले नाहीत तर ती आधीचा आणि नंतरचा ठिपका सरळ रेषेने जोडून टाकतात, आणि पाहणाऱ्याला वाटतं, त्या चार तासांत किती शांतता होती! मोकळी जागा मोकळीच दिसू द्यावी, अशी सूचना बहुतेक साधनांत देता येते. ती शोधून द्यावी.

गजराबद्दल थोडंच. ४५ अंशांना गजर ठेवला आणि तापमान ४४.९ व ४५.१ च्या मधे घुटमळत राहिलं, तर फोन तासाभरात पन्नास वेळा वाजतो, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी तो गजर बंद करून ठेवतं. चढताना ४५ ला वाजावा आणि ४२ च्या खाली उतरल्याशिवाय पुन्हा वाजू नये, एवढं अंतर पुरतं. टेलिग्रामचा बॉट हा निरोप फुकट पोचवतो. आणि ब्रोकरला पासवर्ड लावावा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने कॅमेरे आणि राउटर यांसारखी लाखो साधी उपकरणं ताब्यात घेतली, ती कोणतंही कुलूप न फोडता. कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदललेच नव्हते.

उपकरण चालू झालं की पहिला आठवडा काही करू नये, नुसतं पाहावं. शेडची हवा आणि पॅनलची हवा यांचे आलेख एकावर एक ठेवावेत. पॅनल शेडपेक्षा रोज ठरावीक अंशांनी गरम राहत असेल तर ते त्याचं नेहमीचं वागणं. ते अंतर हळूहळू वाढू लागलं तर पंख्याची जाळी तेलकट धुळीने बुजलेली असणार. उन्हाळा असो की हिवाळा, हे अंतर पाहिलं की हवामानाचा गोंधळ आपोआप वजा होतो. टेबलाजवळचा आलेख क्यूसीच्या भिंतीवर लावावा. तापमान सर्वांत स्थिर केव्हा असतं ते त्यात दिसतं, आणि ॲल्युमिनियमच्या जॉबचं शेवटचं माप त्या वेळेला घेण्याचं ठरवता येतं, किंवा जॉब ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर तासभर ठेवून मग मोजता येतो. नवा एसी घेण्याआधी हे करून पाहावं. त्याला पैसे पडत नाहीत.

खंडेनवमीला मशीन पुसून हार घालायचा असतोच, त्या दिवशी सगळे सेन्सर उतरवून पुन्हा बर्फात घालावेत आणि प्रत्येकाची चूक रजिस्टरमध्ये तारखेसह लिहावी. आणि महिन्यातून एका गुरुवारी, कोणालाही न सांगता, उपकरणाची पिन काढून यूपीएसची तारही सोडवावी आणि फोन किती मिनिटांत वाजतो ते पाहावं. वाजला नाही, तर शुक्रवारी पहिल्या शिफ्टला ते काम आधी, बाकीची नंतर.